एका ग्रॅममध्ये सात गुंठे

लोहा, कंधार, अहमदपूर या भागात नवी विहीर खणायला घेतली की थोड्याच दिवसांत तिच्या कडांवर जमिनीचा उभा छेद दिसू लागतो. वर हात-दोन हात, कुठे पुरुषभर काळी माती. तिच्याखाली पिवळसर-तांबूस मुरूम. मग मांजऱ्या खडक, आणि त्याहून खाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. शेतकऱ्याचा सगळा जीव वरच्या काळ्या थरात असतो. मुरूम वर आला की तो रस्त्यावर नाही तर घराच्या जोत्यात जातो. ‘मुरमाड रान’ म्हटलं की जमिनीचा भाव उतरतो. कुंडीत निवडुंग किंवा कोरफडीच्या जातीची मांसल झाडं लावणाऱ्याला मात्र नेमका हाच थर हवा असतो, आणि तो का हवा असतो हे समजून घेताना मातीबद्दलच्या आपल्या बऱ्याच कल्पना उलट्यापालट्या होतात.

मुरूम म्हणजे ऊन, पाऊस आणि काळ यांनी विरत आणलेला बेसाल्ट. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. तेव्हा भारत आशियाला जोडलेलाही नव्हता. आज जिथे रियुनियन बेट आहे, त्या भागातल्या तप्त जागेवरून तो उत्तरेकडे सरकत होता. कॅक्टसचं कुळ जन्माला आलं ते अमेरिका खंडात, सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी. लातूरच्या मुरमाचा खडक जगातल्या पहिल्या कॅक्टसपेक्षा जवळपास दुप्पट जुना आहे! दोन खंडांवर, कोट्यवधी वर्षांच्या अंतरानं घडलेल्या या दोन गोष्टी नांदेडच्या एखाद्या गच्चीवर एका कुंडीत भेटतात आणि त्यांचं छान जमतं.

आधी झाड मरतं कसं ते पाहू. हिवाळ्यात कृषी प्रदर्शनातून किंवा रस्त्याकडेच्या नर्सरीतून हौसेनं आणलेला गोल निवडुंग मे महिन्यातलं ४२-४३ अंशांचं ऊन सोसतो. मग पाऊस लागतो, झड बसते, आणि एके सकाळी तो बुडाशी मऊ लागतो. बोट टेकवलं तर आत जातं. वरचा भाग अजून हिरवागार, काटे टोकदार, आणि खाली सगळा लगदा. लातूरला वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, नांदेडला त्याहून थोडा जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. आपण म्हणतो, पाणी जास्त झालं. पण पाणी हे काही निवडुंगाला विष नाही. त्याचा जीव जातो तो श्वास कोंडून.

मुळं श्वास घेतात. पानांना प्रकाश मिळतो, ती आपलं अन्न आणि प्राणवायू दोन्ही तयार करतात. मुळांना मातीच्या कणांमधल्या मोकळ्या जागेत जी हवा असेल तिच्यावरच भागवावं लागतं. ती जागा पाण्यानं भरली तर काय होतं? हवेतून प्राणवायू ज्या वेगानं पसरतो, त्याच्या जवळपास दहा हजारपट कमी वेगानं तो साचलेल्या पाण्यातून पसरतो. वर गच्चीवर वारा सुटलेला असतो आणि चार बोटं खाली मूळ गुदमरत असतं. गुदमरलेल्या मुळाच्या पेशी फुटतात, आतला रस बाहेर पाझरतो, आणि पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे ओलाव्यात पोहणारे बुरशीसदृश जीव तिथे पोहोचतात. कूज मुळातून खोडात चढायला जुलैच्या दमट उकाड्यात चार-सहा दिवस पुरतात.

आता आपल्या काळ्या मातीकडे वळू. तिचं गुपित मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजात आहे. हे खनिज म्हणजे एकावर एक रचलेले पत्रे. एकेका पत्र्याची जाडी सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाणी या पत्र्यांच्या मधे शिरतं, त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं आणि माती फुगते. पाणी गेलं की पत्रे पुन्हा जवळ येतात, माती आक्रसते, आणि एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे सगळे पत्रे सुटे करून जमिनीवर पसरले तर? शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सातशे चौरस मीटरच्या वर भरतो. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर खनिजात सात गुंठे! सहा ग्रॅममध्ये एक एकर! आपल्या रानातली माती शुद्ध मॉन्टमोरिलोनाइट नसते, तिच्यात गाळही असतो आणि चुनाही. तरी ही गोष्ट कळल्यापासून मी ओल्या रानातून चालताना चपलेला चिकटलेल्या चिखलाकडे वेगळ्या नजरेनं पाहतो.

हा सगळा पृष्ठभाग पाणी धरून ठेवतो. म्हणूनच पाऊस संपल्यावर पेरलेली रब्बीची ज्वारी आणि हरभरा नुसत्या मुरलेल्या ओलीवर पिकतात. मराठवाड्याचं जगणं या एका गुणावर उभं आहे. कुंडीत मात्र हाच गुण घात करतो.

जुन्या माळवदांची पांढरी मातीही अशीच. लातूर, नांदेडच्या खेड्यांत लाकडी तुळयांवर ही बारीक माती थापून घराचं छत केलेलं असायचं. पावसाची पहिली सर पडली की तिचा वरचा थर मिटायचा आणि पाणी घरात गळत नसे. गढीवरची अशी माती शेताला आणि झाडांना घालायची पद्धत अजूनही आहे. फुलझाडाला ती मानवते. निवडुंगाला ती घालू नका. माळवदावर पाणी अडवणारी माती कुंडीतही पाणी अडवणारच.

इथे कुणीही विचारील, मग काळ्या रानाच्या बांधावर फड्या निवडुंग कसा माजतो? फार रास्त प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरातच सगळी मेख आहे. जमिनीला तळ नसतो, कुंडीला असतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. गाडी धुण्याचा जाड, लांबट स्पंज घ्या. बादलीत बुडवून पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी ठिबकेल, मग थांबेल. स्पंज आता ‘निथळला’. त्याला अजिबात न दाबता हळूच त्याच्या लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं! ते थांबलं की आखूड कडेवर, म्हणजे सर्वांत उंच होईल असा उभा करा. आणखी पाणी. स्पंज तोच, त्यातली भोकं तीच, फक्त उंची बदलली. खालच्या बाजूला मात्र दर वेळी एक पट्टा ओलाच राहतो, आणि त्याची जाडी साधारण तेवढीच असते. बारीक फटीतलं पाणी तिच्या कडांना धरून बसतं; वरच्या पाण्याचं वजन त्या पकडीपेक्षा जास्त झालं तरच ते खाली सुटतं. कुंडीच्या बुडाशी असा पाण्यानं तुडुंब पट्टा कायम उभा असतो. खाली भोक असलं तरी असतो.

किती उंच? फट जेवढी अरुंद तेवढा पट्टा उंच. एक मिलिमीटर रुंदीची फट साधारण ३ सेंटिमीटर पाणी धरून ठेवते. एक दशांश मिलिमीटरची फट ३० सेंटिमीटर. आपली नेहमीची कुंडी १५ सेंटिमीटरची. बारीक मातीनं भरलेली अशी कुंडी पाऊस थांबून, पाणी निथळून गेल्यावरसुद्धा बुडापासून काठापर्यंत भरलेलीच असते. उघड्या रानात ही अडचण येत नाही. तिथे मातीचा स्तंभ खाली मीटरच्या मीटर जातो, खालची कोरडी माती वरचं पाणी ओढून घेते, आणि बांध तर आजूबाजूच्या रानापेक्षा उंचच असतो.

कुंडीच्या तळाशी दोन बोटं खडी घालायची आपल्याकडची सवयही या हिशेबात बसत नाही. खडी आणि बारीक माती जिथे भेटतात, तिथे पाणी अडतं, कारण बारीक फटी त्याला मोठ्या फटीत सोडत नाहीत. म्हणजे ओला पट्टा तळावरून उचलून वर मुळांच्या अंगावर नेऊन ठेवला. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी ठेवा, तेवढी पुरते. खडी घालायचीच असेल तर ती सगळ्या कुंडीभर घाला. खरं मिश्रण म्हणजे तेच.

दुसरी नवलाची गोष्ट मोकळ्या जागेची. एकसारख्या आकाराच्या गोल खड्यांनी डबा भरला तर साधारण ४० टक्के जागा रिकामी राहते. खडे मोहरीएवढे असोत की बोराएवढे, टक्केवारी जवळपास तीच. बदलतो तो एकेका पोकळीचा आकार, आणि पाणी अडायचं की निसटायचं हे त्या आकारावर ठरतं. पण मोठ्या खड्यांत बारीक रेती मिसळली की सगळं बिघडतं. एक पेला खडी आणि एक पेला रेती एकत्र करून पाहा, दोन पेले भरत नाहीत. रेती खड्यांच्या मधल्या पोकळ्यांत जाऊन बसते. ‘निचऱ्यासाठी थोडी वाळू टाका’ हा सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. प्लॅस्टरची बारीक वाळू काळ्या मातीत मिसळली की निचरा वाढत नाही, उलट कुंडीत चांगली घट्ट वीट तयार होते.

निवडुंगासाठी माती निवडायची म्हणजे पोकळीचा आकार निवडायचा, हे एवढं ध्यानात आलं की बाकीचं सोपं होतं. तरी झाडाची बाजूही ऐकायला हवी, कारण ते जमिनीखाली आणि रात्रीच्या अंधारात जे करतं ते फार विलक्षण आहे.

पानफुटी आपल्याकडे बऱ्याच परसांत असते. मद्रास इलाख्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांना या पानफुटीचं एक गमतीचं वागणं दिसलं. तिची पानं सकाळी चुक्याच्या भाजीसारखी आंबट लागतात, दुपारपर्यंत बेचव होतात आणि संध्याकाळी जराशी कडसर. लंडनच्या लिनियन सोसायटीला त्यांनी कळवलेलं हे निरीक्षण १८१५ मध्ये छापून आलं. त्यामागचं कारण उलगडायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला. ही झाडं पानांवरची रंध्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्रीच्या गारव्यात घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा, दारं बंद करून, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतात. सकाळची आंबट चव म्हणजे रात्रभराची साठवण. निवडुंग, कोरफड, घायपात सगळे हेच करतात. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेताना गव्हासारखं पीक साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी हवेत सोडतं. ही मंडळी ५० ते १०० ग्रॅमवर भागवतात.

लातूरकरांना हा आकडा वेगळा सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून तीनशेहून जास्त किलोमीटर अंतर कापून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, दहा डब्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. ज्या शहरानं पाण्यासाठी रेल्वेची वाट पाहिली आहे, त्या शहराच्या गच्चीवर पंधरवड्याला पेलाभर पाण्यात जगणारी झाडं असणं मला अगदी योग्य वाटतं.

मुळांचं वागणं तर याहून अचंबित करणारं. कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ पार्क नोबेल यांनी वाळवंटी झाडांच्या मुळांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्यासारख्यांच्या अभ्यासातून दिसलं ते असं: माती सुकत चालली की निवडुंगाची मुळं आक्रसतात आणि मूळ व माती यांच्यात हवेची बारीक फट पडते. ती फटच झाडाचं रक्षण करते, कारण खोडात साठवलेलं पाणी आता उलट कोरड्या मातीत ओढलं जाऊ शकत नाही. केसासारखी बारीक मुळं झाड टाकूनच देतं. आणि पाऊस आला की जाड मुळांवर काही तासांतच नवी पांढरी मुळं फुटायला लागतात. ही मुळंही उथळ, बहुतेक जमिनीच्या वरच्या वितीभरातच पसरलेली. चिंब भिजणं आणि मग पूर्ण सुकणं, हा त्यांचा ठरलेला क्रम आहे. सतत दमट राहणारी कुंडी हा क्रमच मोडून टाकते. आपल्याकडे नजर लागू नये म्हणून दारावर मुळं वर करून कोरफड टांगतात. मातीचा कण नसताना ती महिनोन्महिने जिवंत राहते. तिला मातीवाचून राहता येतं, हवेवाचून नाही.

आता घमेलं आणि चाळणी घेऊ. मुरूम सगळीकडे मिळतो, पण सगळा मुरूम सारखा नसतो. विरत विरत पार मऊ झालेला मुरूम दोन पावसाळ्यांत चिखल होतो आणि मग काळ्या मातीशी त्याचं अंतर उरत नाही. म्हणून आधी मूठभर खडे पेल्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी बोटांनी चुरडा. पीठ झालं तर तो मुरूम रस्त्यालाच जाऊ द्या. खडा खडाच राहिला, पाणी थोडंसंच गढूळ झालं, तर तो आपला. दुसरी परीक्षा चुन्याची. काळ्या मातीच्या लगत खाली पांढऱ्या चुनखडीचे गोटे आणि पापुद्रे मुरमात मिसळलेले असतात. खड्यांवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसलं की चुना आहे. बहुतेक निवडुंगांना किंचित आम्लधर्मी माती मानवते. चुन्यानं तिचा सामू वर जातो आणि मग लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही, नवी वाढ पिवळी पडते.

पास झालेला मुरूम चाळायचा. मराठवाड्याच्या घरात याची मापं तयारच आहेत: ज्वारीच्या चाळणीवर राहील आणि हरभऱ्याच्या चाळणीतून खाली पडेल असा खडा हवा. साधारण ३ ते ६ मिलिमीटर. या आकाराच्या खड्यांमधल्या पोकळ्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या होतात, म्हणजे ओला पट्टा तळाशी दोन-तीन सेंटिमीटरवर थांबतो. खाली पडलेली बारीक भुकटी या कुंडीत मुळीच घालू नका. चाळून झाल्यावर खडे धुवा, पाणी निवळ येईपर्यंत. या धुण्याचा कंटाळा लोक हमखास करतात, आणि खड्यांना चिकटलेली ती धूळच पहिल्या चार पाण्यांत खाली वाहून तळाशी गाळाचा थर करते.

भाजलेल्या लाल विटेचे तुकडे याच आकाराचे करून मिसळले तर उत्तमच. भट्टीतल्या विटेला आतून सूक्ष्म भोकं असतात. ती थोडं पाणी आत धरते आणि दोन तुकड्यांमधली जागा हवेला मोकळी ठेवते. मुरमात हा गुण कमी. आपल्या भागात बांधकामाला राखेच्या विटाही खूप वापरतात, परळीच्या औष्णिक केंद्राची राख त्यासाठी जवळच मिळते. करड्या रंगाची ती वीट इथे चालत नाही, तिच्यात चुना किंवा सिमेंट असतं. लाल, खणखणीत वाजणारी, जुन्या घराची वीट मिळाली तर सोन्याहून पिवळं.

वाळूचं काय? गोदावरीची वाळू नांदेडकरांच्या परिचयाची. बिलोलीकडे मांजरा नदीची लाल वाळूही प्रसिद्ध आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे बेसाल्टचं साम्राज्य संपून ग्रॅनाइटी खडक उघडे पडतात, आणि त्या खडकांतल्या क्वार्ट्झ व फेल्डस्पारच्या कणांमुळे तिकडच्या वाळूचं रूप पालटतं. दोन्ही वाळू सुंदर आहेत, कुंडीसाठी मात्र त्यांतला चाळणीवर उरलेला जाड भर तेवढाच कामाचा. नदी खरवडून काढलेली वाळू कुंडीसाठी विकत घेऊ नये असंही मला मनापासून वाटतं. बांधकामावर चाळून टाकलेली चाळण मागून आणली की काम भागतं. क्रशरची कच वापरायची तर तिच्यातली पूड धुऊन काढल्याशिवाय नको.

सेंद्रिय भाग कमी ठेवा. बेसाल्टच्या खड्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असतं, नत्र नसतं. ते पूर्ण कुजलेल्या शेणखतातून किंवा गांडूळखतातून येतं. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत कुजत राहतं, आधीच कमी असलेला प्राणवायू तेच खाऊन टाकतं. कोकोपीट आजकाल सगळीकडे मिळतं. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ते धरतं, आणि एकदा कडकडीत वाळलं की पाणी आत घ्यायला नाकारतं, कडेनं सगळं वाहून जातं. आपल्या पावसाळ्याला आणि आपल्या उन्हाळ्याला, दोन्हींना ते चुकीच्या वेळी चुकीचं वागतं. मी ते बियाणं रुजवण्यापुरतं ठेवतो. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीची काच भट्टीत लाह्यांसारखी फुलवलेली. काम चोख करतं, पण महाग, आणि वजनाला इतकं हलकं की पाण्याबरोबर वर तरंगतं. पायाखाली फुकटचा लाव्हा असताना त्याची गरज मला दिसत नाही.

माझं प्रमाण मापानं असं: पाच भाग धुतलेला मुरूम, दोन भाग वीट, दोन भाग कुजलेलं खत, एक भाग कोळशाचे बारीक तुकडे किंवा तांदळाच्या जळक्या तुसाचा भुगा. कुंडी पावसात उघड्यावर राहणार असेल तर खत एकाच भागावर आणा आणि मुरूम वाढवा. एकेव्हेरिया, हॉवर्थिया यांसारख्या नाजूक पानांच्या झाडांना थोडी ओल जास्त लागते, पण आपल्या गरम रात्री त्यांना सोसत नाहीत, तेव्हा मिश्रण भरभरीतच ठेवून सावली द्यावी. अडेनियमला खत जास्त चालतं. मराठवाड्याच्या उन्हात ते खूश असतं. आणि बादलीभर मिश्रणाला एक मूठ काळी माती मी आवर्जून घालतो, नीट कुस्करून. सात गुंठ्यांचा तो पृष्ठभाग पाण्याइतकीच अन्नद्रव्यंही धरून ठेवतो; मूठभरात पोकळ्या बुजत नाहीत आणि खत पहिल्या पावसात वाहून जात नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट. खोल बोअरचं पाणी जड असतं, कुंडीच्या काठावर पांढरी खर धरते. ते क्षार मिश्रणातही साचतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर या झाडांसाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही. नाहीच जमलं तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भोकातून भरपूर वाहून जाईल एवढं पाणी ओता, म्हणजे क्षार धुऊन निघतात. भरड मिश्रणात असं धुता येतं, चिकणमातीत येत नाही.

नर्सरीतून आणलेल्या रोपाकडेही बघायला हवं. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात, राजमहेंद्रीजवळून, म्हणजे नांदेडवरून वाहणाऱ्या गोदावरीच्याच काठावरून. प्रवासात सुकू नये म्हणून मुळांभोवती चिकट मातीचा गोळा असतो. तो तसाच ठेवून भोवती कितीही उत्तम मिश्रण भरलं तरी मुळं त्या गोळ्यातच कोंडलेली राहतात. गोळा पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा, मेलेली मुळं कापा, रोप सावलीत तीन-चार दिवस उघडं ठेवा म्हणजे जखमा सुकतात, मग कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवड्यानं पहिलं पाणी द्या. शेर किंवा तीनधारी निवडुंग हाताळत असाल तर सांभाळून: ही झाडं कॅक्टस नव्हेत, त्यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, दवाखाना गाठावा लागतो.

हे काम फेब्रुवारीत किंवा दसऱ्यानंतर करा, म्हणजे नवी मुळं धरायला वेळ मिळतो. आणि मिश्रण जमलं की नाही ते जुलैत तपासा. मोठा पाऊस होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी उदबत्तीची कोरी काडी कुंडीच्या बुडापर्यंत खोचा, पाच मिनिटं थांबा आणि उपसून बघा. काडी कोरडी निघाली तर काही करू नका. ओली निघाली आणि तिला माती चिकटली असेल तर झाड उपसा, मिश्रण पुन्हा चाळा आणि अर्धं खत काढून टाका.